अव्वाला दुखलं नाही

सोलापूर, ६ मे १९७६

दाक्षे,

दरसाल नागपंचमीच्या आधी माझं एक कार्ड तुला येतं आणि त्याला उत्तर येत नाही, हे आता तुझ्या-माझ्या दोघांच्याही अंगवळणी पडलं आहे. यंदा पंचमीला अवकाश आहे, तरी लिहितो आहे. आणि कार्डावर मावणार नाही म्हणून पाकीट. घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. माझ्या डाव्या तळपायाला एक फोड आला आहे, तेवढंच.

पण त्या फोडाची हकिकत तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

मी सोमवारी भर दुपारी सिद्धरामेश्वराला जातो. सकाळी गर्दी असते, आणि गर्दीत मला मोठ्यानं कविता म्हणता येत नाहीत. तुझी हेमावतीवहिनी म्हणते, "वैशाखात ह्या वेळेला देवसुद्धा आडवा झालेला असतो, तुम्ही कुणाला भेटायला जाता?" तळ्यावरून येणारं वारंही तेव्हा भट्टीतून आल्यासारखं लागतं. आवारातली फरशी म्हणजे चुलीवरचा तवा. लोक पायऱ्यांशी चपला काढतात आणि ह्या सावलीतून त्या सावलीत उड्या मारत पळतात. चाटी गल्लीतले पोट सुटलेले व्यापारीसुद्धा लंगडी खेळणाऱ्या पोरांसारखे. मी मात्र सावकाश चालतो. आमच्या गुरुजींनी शाळेची रांग चालताना म्हणायला स्वतः रचलेली कविता तुला आठवत असेल. तू तर शाळेत न येता उंबऱ्यावर बसून माझ्याआधी पाठ केली होतीस:

चला गड्यांनो, पाऊल टाका, वाट आपली सोपी,
ऊन असो वा असो सावली, डोक्यावरती टोपी.

ती म्हणत, दर ओळीला एक पाऊल टाकत, मी उन्हातून गाभाऱ्यापर्यंत जात असे. गेले दोन-तीन उन्हाळे हे चाललं होतं. फुलं विकणारी म्हाळसाबाई एकदा शेजारणीला म्हणाली, "अप्पांवर सिद्धरामाची किरपा हाय. फरशी त्यांना पोळतच न्हाई." मग ते पसरलं. एक-दोघं माझ्या पायांवर डोकं ठेवून गेले. मी नको नको म्हणायचो, पण तुझ्यापासून काय लपवू, मला ते आवडायचं. आयुष्यभर गिरणीच्या हापिसात मान खाली घालून बसलेला माणूस मी. म्हातारपणी देवानं काहीतरी दिलं असं वाटायचं. आणि खरंच पोळत नव्हतं, दाक्षे. ढोंग नव्हतं.

परवाच्या सोमवारी घरी आलो, खुर्चीत बसलो. हेमावती आतून आली आणि दारात थबकली.

"हे कुंकू कुणी सांडलं?"

दारापासून खुर्चीपर्यंत लाल ठसे. तिनं आधी फडकं घेतलं, पुसत पुसत पुढे आली, आणि शेवटचा ठसा पुसायला वाकली तो माझा पाय समोर. तिनं तो उचलून पाहिला आणि खाली ठेवला. "अहो, हे तुमच्या पायातनं येतंय," ती म्हणाली. मी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. तळव्याची कातडी दुधावरची साय सरकावी तशी एका बाजूला गोळा झाली होती, आणि मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

डॉक्टर तरुण आहेत, चष्मेवाले. मला म्हणाले, "अप्पा, डोळे मिटा. टाचणी टोचली की सांगा." मी मिटले. बराच वेळ काही होईना. बाहेर कुणीतरी रॉकेलच्या रांगेवरून भांडत होतं, ते ऐकत बसलो. शेवटी म्हणालो, "डॉक्टर, सुरू करा की. घरी भाकरी थंड होतीय."

ते म्हणाले, "मी केव्हाचा टोचतोय."

डोळे उघडले तर अंगठ्यावर, बोटांवर, टाचेवर बारीक बारीक लाल ठिपके. तो पाय माझाच होता, पण दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीखालून बाहेर आल्यासारखा दिसत होता.

त्यांनी विचारलं, साखर केव्हापासून आहे. मी म्हणालो, आहे कुठं, होती. नळीत निळं औषध आणि लघवी घालून दिव्यावर उकळायची, विटकरी रंग आला तर वाईट, निळा राहिला तर चांगलं, हे मला जुन्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. निळा रंग येऊ लागल्यावर मी गोळ्या बंद केल्या. रोग गेला, मग औषध कशाला? चहातली साखर बंद, सणाची गोड हुग्गी बंद. आणखी काय असतं त्यात?

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "गेला असं कोण म्हणालं तुम्हाला?"

कुणीच म्हणालं नव्हतं.

संक्रांतीला तुझा रेवणसिद्ध आला होता तेव्हा म्हणाला, आईलाही साखर निघालीय. मी हसून म्हणालो, गोड सोड म्हणावं, काही होत नाही. आणि त्यानं हेही सांगितलं, की तू अजून अनवाणीच फिरतेस. अव्वाला मूठमाती दिल्या दिवशी चपला सोडल्यास त्या सोडल्यासच. दाक्षे, एवढंच विचारतो. पायात काही घालतेस का? एका ओळीचं उत्तर दे.

तुझा अण्णा,
चनमल्लप्पा


सोलापूर, २१ मे १९७६

दाक्षे,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मला आज बोलायचं आहे, आणि ते तुझ्याशीच.

फोड बरा होतोय. पलीकडच्या कॉटवर सांगोल्याकडचे धुळाप्पा म्हणून मेंढ्यांचे मालक आहेत, मोठे मजेदार गृहस्थ. आता कॉट लिहून गेलोच आहे, तर सांगून टाकतो: मी दवाखान्यात आहे. नुसतं पट्टी बांधायला सोपं पडतं म्हणून ठेवून घेतलंय. रोज सकाळी काचेची पिचकारी उकळून सुई देतात. हेमावती डबा घेऊन येते आणि सगळ्या वॉर्डाला चटणी वाटते.

धुळाप्पांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता आणि ते त्याच पायानं माळ हिंडत होते. बायकोनं वास आला म्हणून पाहिलं, तेव्हा कळलं. डॉक्टरांनी त्यांना साखरेचं सांगितलं तर ते चिडले. "साहेब, ह्यो शेटसावकारांचा रोग. मी जल्मात ताक-भाकर खाल्ली. आन् दुखनं मुतात, काटा टाचंत. ह्यांची सोयरीक कुटं जुळली?"

सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो, पण मनातून मी धुळाप्पांच्याच बाजूचा होतो. रोग लघवीचा, पायाचा त्याच्याशी काय संबंध?

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "धुळाप्पा, साखर रक्तात असते. रक्त कुठं जात नाही, सांगा बरं."

धुळाप्पा विचार करू लागले. मीही करू लागलो. आणि दाक्षे, मला एकाएकी अंग उघडं पडल्यासारखं झालं. रक्त कुठं जात नाही? बोटांत जातं, टाचेत जातं, डोळ्यांत जातं. माझ्या डोळ्यांपुढे गेल्या वर्षापासून काळे ठिपके तरंगतात. मी त्यांना तळ्यावरचे पक्षी म्हणायचो, गच्चीवर बसून त्यांच्याकडे बघत राहायचो. डॉक्टरांनी बारीक दिवा डोळ्याला लावून पाहिलं आणि म्हणाले, पक्षी नाहीत, आत रक्ताचे थेंब आहेत. माझ्या पक्ष्यांबद्दल तसं कुणी बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांनी माझे कागद लिहायला घेतले. "घरात आणखी कुणाला होता हा विकार?"

"आईला. अव्वा म्हणायचो आम्ही. तिच्या लघवीला मुंग्या लागायच्या, त्यावरून कळलं."

"त्यांचे डोळे?"

"म्हातारपणानं गेले. भिंत चाचपत चालायची."

"आणि पाय?"

हेमावती डबा उघडत होती, तिचा हात थांबला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. चौदा वर्षं आपल्या घरात ज्या पायाबद्दल कुणी शब्द काढला नाही, त्या पायाबद्दल एक परका पोरगा पेन हातात धरून विचारत होता.

तू त्या थंडीत माहेरी आली होतीस. अव्वा म्हणायची, पाय बर्फासारखे गार पडलेत, मुंग्या येतात. तू चुलीत वीट तापवलीस, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून तिच्या पायाशी लावलीस. जेवणं नुकती झाली होती, मी ओट्यावर पान खात होतो. मला तुझा आवाज आला, "अव्वा, पोळत नाही ना?" आणि तिचा, "न्हाई गं. लागंना काईच. ठेव अजून." दुसऱ्यांदा विचारलंस, दुसऱ्यांदाही तेच. सकाळी फडकं सोडवायला गेलीस तर कातडी फडक्याबरोबर आली. मग ते चिघळलं, बोटं काळी पडली, ताप चढला, आणि संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, त्याआधीच ती गेली.

आणि बायका जमल्या तेव्हा मल्लव्वा आत्या सगळ्यांपुढे म्हणाली, "लेकीनं भाजलं, आन् आई बिचारी लेकीचं मन मोडू नये म्हनून मुकाट सोसत बसली."

ते वाक्य तू गिळलंस आणि दारातल्या चपला तिथंच ठेवून उन्हात निघून गेलीस. तुला काय वाटलं ते मला ठाऊक आहे. अव्वा वेदनेनं आतल्या आत तडफडत होती आणि तरी तुझ्यासाठी "ठेव अजून" म्हणत होती, हेच ना? ती तशी होतीही. लग्नानंतरची पहिली भाकरी जळाली म्हणून हेमावती रडू लागली तर अव्वानं ती चवीनं खाल्ली होती. म्हणून आत्याचं बोलणं आपल्या सगळ्यांना खरं वाटलं.

मी डॉक्टरांना विचारलं. सरळ विचारता येईना. म्हणालो, "माझ्या ह्या पायाला कुणी तापलेली वीट लावली तर मला कळेल का?"

ते म्हणाले, "फरशी कळली का तुम्हाला?"

दाक्षे, अव्वाला दुखलं नाही. ती सोसत नव्हती. तिला खरोखरच काही लागत नव्हतं. ती खरं तेच बोलत होती, आणि तू विचारायला पाहिजे होतं ते दोनदा विचारलं होतंस. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. तिच्यासारखाच पाय माझ्या पुढ्यात पडला आहे, त्याला हात लावून सांगतो आहे.

आता अनवाणी चालू नकोस. ज्यासाठी चालतेस ते घडलंच नाही, आणि रोग तोच तुझ्याही रक्तात आहे. ऊस निघून गेल्यावर तुमच्या श्रीपूरच्या शिवारात धसकटं कशी भाल्यांसारखी उभी असतात ते मी पाहिलं आहे.

हेमावती म्हणते, आता पुरे, झोपा. डॉक्टर तिला बाहेर बोलावून काहीतरी सांगत होते. पाण्याच्या टाकीचं काहीतरी, असं ती म्हणाली.

तुझा अण्णा


सोलापूर, ९ जून १९७६

रेवणा,

पाकिटावर नाव तुझ्या आईचं आहे, पण हे तू फोडायचंस, म्हणून कोपऱ्यात तुझं नाव लिहिलं आहे. तुझं पत्र परवा पोचलं. तू लिहितोस, "मामा, आई तुमची पत्रं हातात घेते, वास घेते आणि देव्हाऱ्यात ठेवते. वाच म्हटलं तर चष्मा सापडत नाही म्हणते. चष्मा आणून दिला तर नंबर बदललाय म्हणते. नवीन करू म्हटलं तर म्हणते, जुनाच बरा."

मी इतकी वर्षं समजत होतो, तिचा राग गेला नाही. तुझं पत्र मी हेमावतीला वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अव्वापण चष्म्याला नावं ठेवायच्या." आम्हाला त्यापुढे दुपारचं जेवण गेलं नाही.

रेवणा, दोष चष्म्याचा नाही. तिला अक्षर दिसत नाही, आणि ती ते तुझ्यापासून झाकते आहे. तू साखर कारखान्यात बॉयलरवर पाळी करून येतोस, तुला ताप नको म्हणून. रागावू नकोस तिच्यावर. आमच्या घराण्यात दुखणं झाकण्याची रीतच आहे. मीही त्यातलाच.

आता मी सांगतो तसं कर. कामावरून आलास की हातपाय धू, जेव, आणि उजेड आहे तोवर तिला बाहेर जोत्यावर बसव. देव्हाऱ्यातली दोन्ही पत्रं काढ. आधी सहा तारखेचं वाच, मग एकवीस तारखेचं. दुसऱ्यात एक जागा अशी येईल की तुला पुढे वाचवणार नाही. तिथं थांबू नकोस. वाचून झाल्यावर तिला पाणी दे, आणि मग इथून पुढे मोठ्यानं वाच.

दाक्षे, ऐकते आहेस ना?

तुला वाटेल अण्णा माझी समजूत काढायला काहीही लिहितो. लहानपणी तुझी बाहुली आडात पडली तेव्हा ती पाताळातल्या राणीकडे राहायला गेली असं मी तुला सांगितलं होतं, आणि तू महिनाभर आडात वाकून तिच्याशी बोलत होतीस. म्हणून माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवावास असं मी म्हणत नाही. तू स्वतःच बघ.

डोळे मीट. रेवणा, तू खाली बस. तिच्या पायाच्या अंगठ्याला बोट लाव. नुसतं लाव, टोचायचं नाही, काही तापवायचं तर अजिबात नाही. मग करंगळीला. मग टाचेला. लावलं की लावलं म्हणून सांगू नकोस. तिला सांगू दे. घाई करू नकोस. गप्प राहा आणि तिच्या तोंडाकडे बघ.

हे झालं की दोन्ही तळवे वर करून उजेडात धर. बोटांच्या मधे बघ, टाचेच्या भेगांत बघ. काय दिसतं ते मला लिही, आणि काहीही दिसो, न दिसो, सकाळी तिला अकलूजच्या डॉक्टरांकडे ने. डोळेही दाखव. "वय झालं" असं जो कुणी म्हणेल त्याला माझं नाव सांग.

माझा फोड सुकत आला आहे.

तुझा मामा


सोलापूर, ११ जुलै १९७६

दाक्षे,

हे रेवणा तुला वाचून दाखवेल. अक्षर वेडंवाकडं आहे असं तो म्हणेल. परवाच दवाखान्यातून घरी आलोय, आडवं पडून लिहितोय.

त्याचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. तो लिहितो, तू डोळे मिटून बसली होतीस, आणि थोड्या वेळानं म्हणालीस, "लाव की रे. किती येळ बसू अशी?" तेव्हा त्याचा सगळा पंजा तुझ्या पावलावर होता. तो लिहितो, "मामा, मला 'लावलाय' असं म्हणता येईना. मी तसाच धरून बसलो. शेवटी तिनं डोळे उघडले, खाली चाचपून बघितलं आणि तिच्या हाताला माझा हात लागला."

आणि मग म्हणे तू एवढंच विचारलंस, "अव्वाला असंच?"

मग उजव्या तळव्यात सापडलेला तो काटा. वर कातडी धरून गेलेली, आत पू. कधी मोडला ते तुला ठाऊक नाही. अकलूजच्या डॉक्टरांनी काढला आणि म्हणाले, वेळेत आणलंत, हाडापर्यंत गेलेला नाही. ते वाक्य आल्यावर मी पत्र छातीवर ठेवलं आणि छताकडे बघत पडलो. धुळाप्पा असते तर त्यांना सांगितलं असतं. ते गेल्या आठवड्यात घरी गेले. नीट चालत नाही गेले, पण गेले. जाताना मला म्हणाले, "मास्तर, मेंढरांचं खूर मी रोज बघायचो. सवताचा पाय कदी बघितला न्हाई." मी कधी मास्तर नव्हतो, पण ते तसंच म्हणायचे. कविता म्हणणारा म्हणजे मास्तरच, असं त्यांचं गणित.

तुझे डोळे मिरजेला दाखवायला सांगितलंय, ते दाखव. गेलेलं परत येत नाही म्हणतात, पण आहे ते राखता आलं तरी खूप. माझ्या पक्ष्यांची मलाही आता भीती वाटते. रोज सकाळी मोजायला बसतो आणि मोजायचं टाळतो.

आता तू रेवणाकडून जे लिहवून घेतलंस त्याला उत्तर. "अण्णा, अव्वाला दुखलं नसेल तर मग मी इतकी वर्षं कुणासाठी चालले? आन् आता हे पण काढून घेतलंस तर दिवस कसा काढू?"

मी हे हेमावतीला वाचून दाखवलं नाही. बरेच दिवस उशाशी ठेवून होतो. शाळेतली एखादी कविता आठवते का बघितलं. दुःखावर, वियोगावर, आईवर किती पाठ होत्या आपल्याला. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क. पण त्यातल्या एकाही कवितेत असं कुणी नव्हतं, जिचं पाप खोटं निघालं आणि ती रिकाम्या हातांनी उभी राहिली. मला उत्तर येत नाही, दाक्षे. माझीच गोष्ट घे. लोक ज्या पायावर डोकं ठेवत होते तो पाय देवाच्या कृपेचा नव्हता, मेलेला होता. हे कळल्यावर मला पहिल्यांदा राग आला तो कशाचा? पाय गेल्याचा नव्हे. कृपा गेल्याचा.

तेव्हा मी तुला शहाणपण सांगत नाही. फक्त काम सांगतो. रोज संध्याकाळी रेवणाला, आणि तो पाळीवर असला तर शेजारणीला, तुझे दोन्ही तळवे बघायला सांग. तुझ्या पायांना आता बोलता येत नाही, आणि तुला ते दिसत नाहीत. दुसऱ्या कुणीतरी बघायला हवं. लाज वाटेल. मलाही वाटली, जन्मभर जिला पाया पडू दिलं ती हेमावती आता पाय उलटा करून चिमणीच्या उजेडात बोटं फाकवून बघते, आणि वर म्हणते, "नखं किती वाढवलीत, घारीसारखी." पण त्यात दिवसाचा थोडा वेळ जातो. तू विचारलंस ना, दिवस कसा काढू. एवढा वेळ तरी असा जाईल.

मल्लव्वा आत्या आली होती भेटायला. ऐकायला कमी येतं आता. मी तिला सगळं मोठ्यानं सांगितलं, हेमावतीनं परत कानडीतून सांगितलं. ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली आणि म्हणाली, "मग मी काय बोलले ते?" जाताना तिनं तुझं गाव विचारलं, जणू तिला ठाऊक नव्हतं.

पंचमी जवळ आली आहे. इथल्या लिंबाला ह्या वर्षीही झोका बांधतील. ये, अगर येऊ नकोस; मी आग्रह करत नाही. पण रेवणानं शेवटी जे लिहिलंय, त्यासाठी हे पत्र आहे. त्यानं नवीन चपला आणल्या, आणि तू म्हणतेस, सवय नाही, पायाला त्या लागतात. दाक्षे, तुझ्या पायाला काही लागत नाही, हे आता आपल्या तिघांनाही माहीत आहे. हे निमित्त पुरणार नाही.

आज संध्याकाळी हेमावतीनं माझा उजवा तळवा बघितला. स्वच्छ आहे. डाव्याची तिला काळजी करावी लागत नाही. फोड सुकत आला आहे असं मी तुला लिहिलं, त्याच आठवड्यात तो पाय कापला, घोट्याच्या वर. तुला कळवायचं नव्हतं. हेमावती म्हणाली, ह्या घरात आता झाकायचं पुरे, म्हणून लिहिलं.

चपला घाल. दोन्ही पायांत.

तुझा अण्णा,
चनमल्लप्पा